उत्तरेच्या गॅलरीत मिरचीला फळ का धरत नाही?

पुण्यात दुसऱ्या मजल्यावर आमची उत्तरेकडे तोंड असलेली गॅलरी आहे. तिथे सलग चार वर्षं माझ्या मिरचीचं एकच झालं. जूनमध्ये रोपं लावायची. जुलैत ती भराभर उंच व्हायची, ऑगस्टमध्ये काठीचा आधार द्यावा लागायचा, सप्टेंबरात चार-दोन फुलं यायची आणि देठाशी पिवळी पडून गळून जायची. दसऱ्याच्या सुमाराला गुडघ्याच्या वर गेलेलं हिरवंगार झाड उभं असायचं, पण मिरची एकही नाही.

दर वर्षी मी काहीतरी वेगळं करून बघितलं. एकदा बियाणं बदललं, एकदा माती. तिसऱ्या वर्षी शेंगदाणा पेंड भिजवून दर आठवड्याला घातली. चौथ्या वर्षी एका रोपवाटिकेतून फुलगळीवरचं औषध आणून फवारलं. फरक पडला नाही, कारण चुकत होतं ते वेगळंच. हे कळल्यापासून तीन उन्हाळे त्याच गॅलरीत मिरची घेते आहे. चार कुंड्यांतून आमच्या तिघांच्या घराला एप्रिलअखेरपासून जूनपर्यंत मिरची विकत आणावी लागत नाही.

आधी खात्री करा की दुखणं उन्हाचंच आहे

मिरचीचं रोप बिघडलं की पहिला संशय चुरडा-मुरड्यावर, म्हणजे किडींमुळे पानं आकसून वळण्यावर, जातो. तो ओळखणं सोपं आहे. फुलकिडे असतील तर पानांच्या कडा वर वळून पानाची होडी होते, कोळी (डोळ्याला जेमतेम दिसणारी कीड) असेल तर कडा खाली वळतात आणि पान लांबट, कडक होतं. झाड खुरटतं. उन्हाच्या कमतरतेत नेमकं उलटं होतं. पानं सपाट, मोठी, पातळ आणि मऊ असतात. दोन पानांमधलं अंतर, म्हणजे पेर, लांबत जातं. खोड पेन्सिलीएवढं व्हायच्या वयात उदबत्तीच्या काडीएवढंच राहतं आणि सगळं झाड उजेडाच्या दिशेला कलतं.

खालची पानं पिवळी पडून गळतात तेव्हा नत्र कमी पडलं असं वाटतं. नत्र कमी पडलेलं झाड बुटकं आणि फिकट असतं. उंच, हिरव्या शेंड्याचं झाड जर खालची पानं टाकत असेल, तर ती पानं त्याला परवडत नाहीत म्हणून टाकतंय. सावलीतलं पान जेवढं अन्न तयार करतं त्याहून जास्त स्वतःच खाऊ लागलं, की झाड त्यातलं नत्र शेंड्याकडे ओढून घेतं आणि पान सोडून देतं. फुलांचंही तेच. फूल आणि फळ म्हणजे झाडाचा सगळ्यात मोठा खर्च, आणि शिल्लक नसली की पहिली कात्री तिथेच लागते. म्हणून फुलगळीचं औषध मारून काही होत नाही.

मिरचीची फुलं उष्णतेनेही गळतात, हे खरं. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या बरंच वर आणि रात्रही गरम असेल तर फळ धरत नाही. पण त्या वेळी पेरं लांबलेली नसतात. दोन्ही खुणा एकत्र बघा.

माझी खरी चूक

मी लागवड जूनमध्ये करत होते, कारण सगळेच करतात. मृगाचा पाऊस झाला की रोपं लावायची, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. शेतात ते बरोबरच आहे. खरिपाची मिरची पावसावर वाढते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या स्वच्छ उन्हात फळते. शेताला चारही बाजूंनी आकाश असतं. माझ्या गॅलरीला एकाच बाजूने आहे, आणि ती बाजू उत्तर.

पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. 21 मार्चच्या सुमाराला सूर्य नेमका पूर्वेला उगवतो. तिथून पुढे तो रोज थोडा उत्तरेकडे सरकतो आणि जूनमध्ये पूर्वेपासून जवळजवळ 25 अंश उत्तरेला उगवतो. मेच्या मध्यावर एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. शून्य सावलीचा दिवस तो हाच. त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेला असतो. सप्टेंबरच्या 23 तारखेनंतर सूर्य दक्षिणेकडे उतरतो, आणि उत्तरेच्या गॅलरीत पुढचे सहा महिने उन्हाचा एक कवडसाही येत नाही.

आता माझी मिरची या वेळापत्रकावर ठेवून बघा. जूनमध्ये रोप लावलं तेव्हा गॅलरीत वर्षातलं सगळ्यात जास्त ऊन यायला हवं होतं, पण आकाशात ढग. जुलै-ऑगस्टही तसेच गेले. सप्टेंबरात ढग पांगले, झाड फुलावर आलं, आणि त्याच आठवड्यांत सूर्य इमारतीच्या पलीकडे निघून गेला. चार वर्षं मी झाडाला फळायला सांगत होते ते नेमकं अंधार सुरू होताना.

उत्तरेच्या गॅलरीत मिरचीचा खरा हंगाम मार्चअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा एवढाच आहे. या काळात झाड फुलावर असलं पाहिजे, नुसतं वाढीला लागलेलं नाही. मिरचीला बी टाकल्यापासून फुलं यायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून मी आता बी डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टाकते. पुण्याच्या थंडीत ते गॅलरीत उगवत नाही. त्याला 20 ते 30 अंशांची ऊब लागते. मी ट्रे स्वयंपाकघरात फ्रीजवर ठेवते आणि कोंब दिसताच खाली उतरवते. उगवल्यावर एक दिवस जरी अंधारात राहिलं तरी रोपाची मान लांबते आणि ती लांबलेली मान पुढे कधीच दणकट होत नाही. दोन महिने रोपं पूर्वेच्या खिडकीत किंवा गच्चीवर काढायची. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी फेब्रुवारीअखेर सहा-सात पानांची, बुटक्या जाड खोडाची रोपं विकत आणावीत. रोपवाटिकेत उंच रोप बघून हात तिकडे जातो, तो आवरायचा.

या हंगामात एक गोष्ट आपल्या बाजूने असते. एप्रिल-मेमध्ये शेतकरी कोवळ्या पिकावर शेडनेट बांधतात, कारण दुपारचं ऊन जास्त होतं. आपल्या गॅलरीत सकाळ-संध्याकाळचं ऊन येतं आणि दुपारी कठड्याजवळची पट्टी सोडली तर सावली. एरवी मिरचीला पाच-सहा तास थेट ऊन हवं असा हिशेब असतो. मेमध्ये माझ्या कुंड्यांना चारच तास मिळतं, तरी झाड लगडतं.

तुमची गॅलरी दक्षिणेची असेल तर हे सगळं उलटं करा. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून फक्त 48 अंशांवर असतो, त्यामुळे ऊन गॅलरीच्या आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. मेमध्ये तीच गॅलरी सावलीत असते, कारण सूर्य डोक्यावर आणि वरच्या मजल्याचा स्लॅब मध्ये. दक्षिणेला सप्टेंबरमध्ये रोप लावा, मिरची नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत मिळेल. पूर्वेची गॅलरी शहरात सगळ्यात चांगली, तिला बारमाही सकाळ मिळते. पश्चिमेला ऊन मिळतं, पण ते भाजणारं. तिथे प्रश्न सावलीचा नसून कुंडी संध्याकाळपर्यंत सुकण्याचा असतो. समोर उंच इमारत असेल तर हे हिशेब बदलतात, म्हणून पुढचं काम टाळू नका.

ऊन मोजणं

"आमच्याकडे भरपूर उजेड आहे" हे वाक्य मी स्वतः अनेकदा म्हटलं आहे. डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. आपली बाहुली अंधारात मोठी होते आणि उजेडात लहान, त्यामुळे उजेड दहापट कमी झाला तरी आपल्याला खोली उजळच वाटते. झाडाला तो दहापट कमीच मिळतो. फोनवर लक्स मोजणारं अॅप मिळतं. आकडा अचूक नसतो, पण दोन जागांची तुलना करायला पुरेसा असतो. उघड्या गच्चीवर भर दुपारी लाखाच्या आसपास दाखवणाऱ्या माझ्या फोनने गॅलरीच्या कठड्याशी, ऊन नसताना, नऊ हजार दाखवले आणि चार फूट आत, भिंतीशी, दोन हजार. माझ्या कुंड्या चार वर्षं भिंतीशी होत्या, पावसात भिजू नयेत म्हणून.

अॅप नको असेल तर पांढरा कागद कुंडीच्या जागी ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट असतील तर थेट ऊन. हाताचा आकार कळतो पण कडा पुसट असतील तर पालेभाजीपुरता उजेड. सावलीच दिसत नसेल तर तिथे मिरची लावू नका.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दर तासाला गॅलरीच्या फरशीवर उन्हाची कड खडूने आखा आणि बाजूला वेळ लिहा. मार्च, मे, सप्टेंबर आणि डिसेंबर, असं चार वेळा केलंत की गॅलरीचा वर्षाचा नकाशा हातात येतो. मला तो काढेपर्यंत माहीत नव्हतं की आमच्या गॅलरीच्या पूर्वेच्या टोकाला पश्चिमेच्या टोकापेक्षा पाऊण तास कमी ऊन येतं, शेजारच्या जिन्याच्या भिंतीमुळे.

एका फुटाने पडणारा फरक

जागा बदलता येत नाही, पण गॅलरीतल्या गॅलरीत बरंच काही करता येतं. सगळ्यात मोठा फायदा कुंडी पुढे आणि वर नेण्यात आहे. सिमेंटचा भरीव कठडा असेल तर त्याच्या मागे जमिनीवर ठेवलेली कुंडी सकाळभर कठड्याच्याच सावलीत बसते. दीड-दोन फुटांच्या लोखंडी स्टँडवर किंवा उलट्या बादलीवर ती चढवली, की पानं कठड्याच्या वर येतात. आमच्याकडे एवढ्याने दीड तास ऊन वाढलं. कुंडी कठड्यावर किंवा बाहेर मात्र लटकवू नका. बारा इंची ओली कुंडी पंधरा किलोच्या घरात जाते, आणि खाली माणसं चालतात.

भिंत रंगवा. करड्या सिमेंटची भिंत बराचसा उजेड गिळते, चुन्याने पांढरी केलेली भिंत त्यातला मोठा भाग परत फेकते. रंग चकचकीत नको, साधा पांढरा मॅट चांगला, कारण तो उजेड सगळीकडे पसरवतो. भाड्याचं घर असेल तर कुंड्यांच्या मागे थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा करा. झाडाच्या पाठीमागची पानं पिवळी व्हायची थांबतात, हा फरक तीन-चार आठवड्यांत दिसतो. आरसा लावू नका. तो उजेड न पसरवता एकाच ठिकाणी फेकतो आणि समोरच्यांच्या डोळ्यांवर मारतो.

दर तीन-चार दिवसांनी कुंडीला पाव वळसा द्या, म्हणजे झाड एका बाजूला कलणार नाही. शेंडा खुडण्याबद्दल माझं मत बदललं आहे. भरपूर उन्हात शेंडा खुडला की फांद्या फुटतात, म्हणून मी सावलीतल्या लांबुळक्या झाडाचाही खुडायचे. त्या झाडाकडे नव्या फांद्यांसाठी शिल्लक नसते. ते दोन-तीन आठवडे मागे जातं आणि आपला हंगामच दहा-बारा आठवड्यांचा. आता मी एकदाच, गच्चीवरच्या भर उन्हात असताना, आठव्या पानावर खुडते. नंतर हात लावत नाही.

जात निवडतानाही हाच विचार करा. मोठी ढोबळी किंवा भावनगरी सावलीत निराश करते, कारण एकेका फळाला खूप अन्न लागतं. बारीक, आखूड फळांची तिखट मिरची थोड्या उन्हात जास्त समाधान देते. मी लवंगी लावते.

पाणी आणि खत

सावलीतली बहुतेक रोपं शेवटी मरतात ती पाण्याने. ऊन नाही म्हणजे पानांतून बाष्प कमी जातं, म्हणजे मुळं पाणी कमी ओढतात, म्हणजे कुंडी ओलीच राहते. ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेल्या मुळांचं झाड पाणी असून कोमेजतं. ते बघून आपण आणखी पाणी घालतो. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय तर आणखी चांगली. मातीवर बारीक काळ्या माश्या उडत असतील तर तीही जास्त ओलीचीच खूण आहे.

सावलीतल्या कुंडीत कोकोपीट कमी घाला. मी दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू आणि थोडं भाताचं तूस असं मिश्रण करते. तळाशी भोक मोकळं हवं, खाली ताटली नको. रोपांत हवा खेळती राहू द्या, नाहीतर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते.

पेंडीचं पाणी देऊन मी झाडाचं नुकसानच करत होते. नत्र झाडाला पानं आणि उंची वाढवायला लावतं, आणि उजेडाअभावी ती वाढ पोकळ होते. मऊ शेंड्यांवर मावा लगेच येतो. खत हा कच्चा माल आहे, भट्टी उन्हाची. भट्टी अर्धी पेटलेली असताना दुप्पट माल ओतला तर तो साचतो. सावलीतल्या मिरचीला उन्हातल्या मिरचीच्या अर्ध्याहून कमी खत पुरतं. मी लागवडीनंतर दोनदाच देते, पहिली फुलं दिसल्यावर मूठभर गांडूळखत आणि चिमूटभर लाकडाची राख, आणि पहिल्या तोड्यानंतर परत.

सावली झाडाची असेल तर

तळमजल्यावर राहणाऱ्यांचं दुखणं थोडं वेगळं आहे. त्यांच्या अंगणावर आंबा, जांभूळ नाहीतर गुलमोहर पसरलेला असतो. इमारतीच्या सावलीत उजेड कमी असतो, पण त्यातल्या रंगांचं मिश्रण फारसं बिघडत नाही. पानांतून गाळून आलेल्या उजेडात ते बिघडतं. वरची पानं लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतात, आणि लाल रंगाच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाश खाली सोडतात. खालच्या रोपात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते या दोन्हींचं प्रमाण ओळखतं. लाल कमी आणि पलीकडचा जास्त, म्हणजे डोक्यावर दुसरं झाड आहे, त्याला मागे टाकून वर जायला हवं, असा रोपाचा समज होतो. म्हणून आंब्याखालची मिरची गॅलरीतल्या मिरचीहूनही उंच आणि लुळी होते. तिथे पांढरी भिंत आणि स्टँड यांचा उपयोग थोडाच. शिवाय मोठ्या झाडाची मुळं जमिनीतलं पाणी आधी घेतात, त्यामुळे अशा अंगणात जमिनीत न लावता कुंडीत लावा.

फांद्या छाटायचा विचार मनात येतोच. शहरात झाड तोडायला आणि त्याची छाटणी करायला महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी 1975 सालचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. झाड तुमच्या आवारात असलं तरी तो लागू आहे. रीतसर अर्ज करून धोकादायक, खाली आलेल्या फांद्या उतरवता आल्या तर उजेड वाढेल. मिरचीसाठी आंब्याचा डेरा उतरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

अशा अंगणासाठी कोकणाकडे बघा. तिथे नारळ-पोफळीच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी, अननस पिढ्यान्‌पिढ्या घेतले जातात. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने नारळात अशा मसाला पिकांची जी रचना मांडली तिला लाखी बाग म्हणतात. तिथे सावली ही अडचण धरलेली नाही, सावलीत जन्मलेली पिकंच निवडली आहेत. घरच्या अंगणात आलं, हळद, अळू, सुरण, पुदिना, पानओवा आणि नागवेल यांना पसरट सावली चालते. हळद तर एप्रिल-मेमध्ये लावली की पावसाळाभर पानं देते, आणि पातोळ्यांना घरचीच पानं असली की नागपंचमीला बाजारात शोधाशोध करावी लागत नाही.

मिरचीचं झाड सप्टेंबरनंतर काय करायचं

उत्तरेच्या गॅलरीतलं झाड जूनमध्ये फळून झाल्यावर उपटू नका. मिरची एकाच हंगामाची नसते. पावसाळ्यात त्याला कमी पाणी देऊन जगवायचं आणि गणपती गेले की गच्चीवर किंवा दक्षिणेच्या खिडकीत हलवायचं. पण एका दिवसात नाही. सावलीतलं पान पातळ असतं, एका दुपारच्या उन्हात त्यावर पांढरे डाग पडून ते वाळतं. पहिले तीन दिवस फक्त सकाळचा एक तास, मग दोन, मग तीन, असं दहा दिवसांत वाढवत न्यायचं. नव्या उन्हात फुटलेली पानं लहान, जाड आणि गडद असतात. ती दिसली की जुनी लांबुळकी फांदी खालून तिसऱ्या-चौथ्या डोळ्यावर कापायची.

गेल्या वर्षी मी चारपैकी दोन झाडं अशी गच्चीवर नेली. डिसेंबरात त्यांना दुसऱ्यांदा फळ धरलं. उरलेली दोन झाडं, गच्चीवर जागा नव्हती म्हणून, गॅलरीतच राहिली. ती पानांवर जगून होती, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सकाळचं ऊन कठड्यावर परत आलं तेव्हा तीन आठवड्यांत कळीवर आली. नव्या रोपांपेक्षा आधी.